के२-१८बी: "परग्रहावर जीवसृष्टी" या नोटिफिकेशनमागे नेमकं काय दिसलं होतं?



१७ एप्रिल २०२५ च्या सकाळी माझ्या फोनवर लागोपाठ चार नोटिफिकेशन्स आली. ॲप्स वेगवेगळी, पण मजकूर थोड्याफार फरकाने एकच: १२४ प्रकाशवर्षं दूर असलेल्या ग्रहावर जीवसृष्टीचे संकेत सापडले. बातमी न उघडताच मी स्क्रीनशॉट काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "आपण एकटे नाही!" दहा मिनिटांत सगळ्या काका-मामांचे अंगठे येऊन पडले.

दुपारी अलिबागहून माझ्या मामेबहिणीचा, सईचा, फोन आला. नुकतीच नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. म्हणाली, "दादा, म्हणजे त्यांना नक्की दिसलं काय? फोटो आहे का?"

"अगं फोटो नाही, टेलिस्कोपने तिथला वायू शोधलाय."

"एवढ्या लांबून? कसा?"

मी "ग्राफवरून" असं काहीतरी पुटपुटलो आणि मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. मीटिंग वगैरे काही नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर लॉग, ग्राफ आणि डेटा यांच्यातच असतो. तरी जे फॉरवर्ड केलं ते काय आहे हे मला सांगता आलं नाही, याची जरा लाज वाटली. त्यानंतरचे बरेच शनिवार-रविवार मी या ग्रहावरचे पेपर वाचण्यात घालवले, थोडा डेटा स्वतः डाउनलोड करून पाहिला. सईला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर खाली लिहितोय. लांब आहे, पण गणित फारसं नाही.

आधी ग्रहाची ओळख

ग्रहाचं नाव के२-१८बी. हे एखाद्या फोनच्या मॉडेल नंबरसारखं वाटतं आणि खरं तर तसंच आहे. केटू ही नासाची मोहीम, तिच्या यादीतला १८ वा तारा, आणि त्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह म्हणून "बी". ("ए" म्हणजे तारा स्वतः, म्हणून ग्रहांची मोजणी बीपासून सुरू होते.)

केटू मोहिमेची गोष्ट मला फार आवडते, कारण तो अस्सल जुगाड आहे. केप्लर ही दुर्बीण २००९ मध्ये सोडली. ती स्थिर राहावी म्हणून तिच्यात चार फिरती चाकं होती आणि किमान तीन चालू असणं गरजेचं होतं. मे २०१३ पर्यंत दोन बिघडली. दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नव्हतं. मग इंजिनिअरांनी दुर्बीण अशा कोनात धरली की सूर्यप्रकाशाचा तिच्यावर पडणारा दाब दोन्ही बाजूंनी सारखा राहील. म्हणजे तिसऱ्या चाकाचं काम चक्क सूर्यप्रकाशाकडून करून घेतलं! फक्त एक अट होती: दर ८० दिवसांच्या आसपास दुर्बीण दुसऱ्या दिशेला वळवावी लागायची. या दुसऱ्या डावाचं नाव केटू. २०१४ मध्ये तिने सिंह राशीकडे पाहिलं आणि २०१५ मध्ये त्या डेटातून आपला हा ग्रह सापडला.

त्याचा तारा सूर्याच्या जेमतेम निम्म्या आकाराचा, थंडसा, लालसर आहे. ग्रह त्याच्याभोवती ३३ दिवसांत एक फेरी मारतो. अंतर इतकं कमी असूनही तारा मंद असल्यामुळे ग्रहाला मिळणारी ऊर्जा साधारण पृथ्वीला मिळते तेवढीच आहे. म्हणूनच सगळे त्याच्या मागे लागले. आकाराने तो पृथ्वीच्या २.६ पट रुंद आणि वजनाने सुमारे साडेआठ पट. आपल्या सूर्यमालेत या मापाचा एकही ग्रह नाही. पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधली ही जागा आपल्याकडे रिकामीच आहे.

अंतराचा अंदाज हवा असेल तर, व्हॉयेजर-१ च्या वेगाने तिकडे जायला सुमारे बावीस लाख वर्षं लागतील. जेम्स वेबने २०२४ मध्ये पकडलेला प्रकाश त्या ताऱ्यावरून निघाला तेव्हा इकडे १९०० साल चालू होतं, पुण्यात लोकमान्य टिळक केसरीचे अग्रलेख लिहीत होते. थोडक्यात, यान-बिन विसरा. जे काही कळायचं ते प्रकाशातूनच.

बल्बसमोरचा साबुदाणा

जून २०१२ मध्ये शुक्राचं अधिक्रमण झालं होतं. शुक्र सूर्याच्या तबकडीवरून एका काळ्या ठिपक्यासारखा सरकत गेला. मी तेव्हा दहावीत जाणार होतो, चष्मा घेऊन गच्चीवर उभा होतो आणि ढगांनी सगळा विचका केला, ते सोडा. के२-१८बी पण तसाच आपल्या ताऱ्यासमोरून जातो. फरक इतकाच की तारा इतका लांब आहे की तबकडी, ठिपका काहीच दिसत नाही. दिसतो फक्त प्रकाशाचा एक बिंदू, जो दर ३३ दिवसांनी काही तास किंचित मंद होतो.

किती किंचित? घरातला साधा गोल एलईडी बल्ब घ्या, साधारण ६ सेंटिमीटर रुंदीचा. त्याला अगदी खेटून साबुदाण्याचा एक दाणा दोऱ्याला लावून सरकवा आणि लांबून पाहा. तारा बल्बएवढा धरला तर ग्रह साबुदाण्याएवढा होतो. बल्बचा प्रकाश ०.३ टक्क्यांहूनही थोडा कमीच घटेल.

मी हे खरंच करून पाहिलं. स्क्रीनचा ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त करण्यासाठी फोनमध्ये एक लाइट सेन्सर असतो, त्याचं रीडिंग दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. (अँड्रॉइडवर मिळतात, आयफोन हा सेन्सर ॲप्सना वापरू देत नाही.) साबुदाणा सरकवला, तर आकडा हलला की नाही हेच कळेना. मी शर्टाची बाही हलवली तरी आकडा जास्त बदलत होता. शेवटी साबुदाण्याऐवजी लिंबू घेतलं, तेव्हा कुठे ग्राफमध्ये स्वच्छ खड्डा दिसला.

मग केटूचा खरा डेटा पाहिला. तो सगळ्यांसाठी खुला आहे आणि लाइटकर्व नावाची एक पायथन लायब्ररी आहे, तिने चार-पाच ओळींत ग्राफ येतो. इंजिनिअरिंगला असाल तर जरूर करून पाहा. पण लगेच ग्रह दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. मला आधी दिसले ते करवतीसारखे दाते. दोन चाकांवर कशीबशी तोललेली दुर्बीण हळूहळू घसरायची आणि दर सहा तासांच्या आसपास छोटे थ्रस्टर मारून तिला जागेवर आणायचे. ती घसरण आणि तो धक्का ताऱ्याच्या प्रकाशात उमटलाय. म्हणजे जो मोठा पॅटर्न दिसतो तो ताऱ्याचा नाहीच, आपल्याच मशीनचा आहे. तो काढून टाकल्यावर खाली दोन बारीक खड्डे उरतात. दोनच, कारण ८० दिवसांत ३३ दिवसांच्या फेरीत तेवढंच बसतं.

दहा लाखांतले पन्नास-शंभर रुपये

इथवर ग्रह आहे एवढंच कळलं. आता सईचा प्रश्न: वायू कसा कळतो?

समजा ताऱ्याकडून आपल्याला दहा लाख रुपये प्रकाश येतोय. ग्रह समोर आला की त्यातले साधारण २,९०० रुपये कापले जातात. आता ग्रहाभोवती वातावरणाचं पातळ कडं असेल, तर ताऱ्याचा थोडा प्रकाश त्या कड्यातून गाळून आपल्याकडे येतो. मिथेन वायू इन्फ्रारेडमधल्या ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो, बाकीचा सोडून देतो. त्या ठराविक तरंगलांबीत पाहिलं तर वातावरण अपारदर्शक, म्हणजे ग्रह जरा मोठा दिसतो आणि कपात थोडी वाढते. शेजारच्या तरंगलांबीत वातावरण आरपार, कपात थोडी कमी. एका ठिकाणी २,९५०, दुसऱ्या ठिकाणी २,८७०. हा जो पन्नास-शंभर रुपयांचा फरक आहे ना, दहा लाखांपैकी, तेच वातावरण. त्या चढउतारांच्या ग्राफला वर्णपट म्हणायचं.

इन्फ्रारेड म्हणजे काय ते पाहायचं असेल तर टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बहुतेक फोनच्या स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकतो. जेम्स वेब याहून खूप लांब तरंगलांबीत पाहते. अडचण अशी की कोमट असलेली कुठलीही वस्तू त्या तरंगलांबीत स्वतःच चमकते, दुर्बीण सुद्धा. म्हणून तिचं मिरी नावाचं उपकरण उणे २६६ अंश सेल्सियसला थंड ठेवतात आणि अख्खी दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर लांब नेऊन ठेवली आहे.

प्रत्येक वायूचा वर्णपट वेगळा असतो, बारकोडसारखा. पण आपल्याला मिळतो तो हललेल्या हाताने काढलेला धूसर फोटो. चहाच्या टपरीवर अंधारात यूपीआय स्कॅन करताना कसं होतं? दोन कोड शेजारी लावलेले असतात आणि धूसर फोटोवरून दोन्हींपैकी कुठलाही वाटू शकतो. पुढची सगळी भांडणं या धूसरपणावरून आहेत.

याच ग्रहाने आधी दोनदा फसवलंय

हा भाग मला कुठल्याच नोटिफिकेशनमध्ये दिसला नाही आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिला किस्सा. केटूच्या दोन खड्ड्यांवरून ग्रह पुढच्या वेळी कधी समोरून जाईल याचं गणित मांडलं होतं. ब्योर्न बेनेके आणि सहकाऱ्यांनी ते स्पिट्झर दुर्बिणीने तपासलं, तर ग्रह अपेक्षेपेक्षा १.८५ तास आधीच हजर! त्यांनी २०१७ मध्ये छापलं त्यानुसार हा फरक ७ सिग्माचा होता. सिग्मा म्हणजे काय ते पुढे येतंच, पण सध्या एवढं धरा की ७ सिग्मा म्हणजे "योगायोगाने होणं जवळपास अशक्य". ग्रहाने वेग बदलला का? नाही. केटूच्या दुसऱ्या खड्ड्याजवळच्या डेटात एक गडबड होती, जी कोणाच्या लक्षात आली नव्हती. तिने सगळं वेळापत्रक सरकवलं होतं. ही चूक प्रत्येक फेरीगणिक वाढत गेली असती आणि पुढे मोठ्या दुर्बिणी रिकाम्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसल्या असत्या.

दुसरा किस्सा मोठा. सप्टेंबर २०१९ मध्ये हबलच्या डेटावरून लंडनच्या एका टीमने जाहीर केलं की या ग्रहाच्या वातावरणात पाण्याची वाफ आहे. त्याच आठवड्यात बेनेके यांच्या टीमचंही तसंच विश्लेषण आलं. "राहण्यायोग्य पट्ट्यातल्या ग्रहावर पहिल्यांदाच पाणी!" बातम्या जगभर गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि तोही फॉरवर्ड केला होता, आत्ता चॅटमध्ये शोधल्यावर सापडला. मग २०२३ मध्ये जेम्स वेबने जास्त रुंद पट्ट्यात पाहिलं. मिथेन ठसठशीत दिसला, कार्बन डायऑक्साइड दिसला. पाण्याची वाफ मात्र दिसली नाही. हबलला जो उंचवटा दिसला होता तो खराच होता, पण हबलच्या अरुंद खिडकीतून पाणी आणि मिथेन जवळपास सारखेच दिसतात. उंचवटा बरोबर, नाव चुकलं.

एप्रिलचा दावा आणि ३ सिग्मा

२०२३ चं आणि २०२५ चं, दोन्ही काम केंब्रिज विद्यापीठातल्या निक्कू मधुसूदन यांच्या टीमचं. मधुसूदन आयआयटी बीएचयूमधून इंजिनिअर झाले, मग एमआयटीत पीएचडी केली. २०२१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी "हायशियन" ग्रहाची कल्पना मांडली: वर हायड्रोजनचं वातावरण आणि खाली अख्ख्या ग्रहावर पसरलेला समुद्र. के२-१८बी तसा असू शकतो असं त्यांचं म्हणणं.

एप्रिल २०२५ च्या पेपरात त्यांनी मिरीच्या डेटात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड, किंवा दोन्ही, असल्याचे संकेत दिले. या उपकरणाला दोघांमधला फरकही नीट कळत नाही. पृथ्वीवर डायमिथाइल सल्फाइड मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म वनस्पती-प्लवक तयार करतात. समुद्रावर गेल्यावर जो टिपिकल वास येतो त्यात त्याचा वाटा असतो. सई राहते तिथून दहा मिनिटांवर तो फुकट मिळतो. आपल्या हवेत त्याचं प्रमाण अब्जात एक भाग इतकंही नाही. के२-१८बीवर मात्र ते त्याच्या हजारो पट असावं असा अंदाज होता.

या निरीक्षणाचा भरवसा ३ सिग्मा असा दिला होता, आणि बऱ्याच बातम्यांनी त्याचं भाषांतर "९९.७ टक्के खात्री" असं केलं. माझ्या स्क्रीनशॉटमध्येही हाच आकडा होता. इथे थांबा, कारण हा घोळ पुढे आयुष्यभर बातम्यांमध्ये भेटणार आहे.

३ सिग्माचा अर्थ असा: समजा तिथे काहीच नाही, ग्राफ सपाट आहे. तरीही नुसत्या नॉईजमुळे असा वरखाली ग्राफ मिळण्याची शक्यता हजारात साधारण तीन. बस, एवढंच. जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. अगदी डायमिथाइल सल्फाइड असण्याची शक्यताही ९९.७ टक्के नाही. तुलना "सपाट रेष विरुद्ध हे दोन वायू" अशी आहे. तिसरं काही असू शकतं का, हा प्रश्न त्या आकड्याला विचारलेलाच नाही.

मला हे पटकन समजलं, कारण मी अगदी हीच चूक ऑफिसात करून बसलोय. दोन वर्षांपूर्वी आमच्या ॲपच्या नव्या रिलीजनंतर लॉगिनवर क्रॅश वाढले. मी तीन संशयित काढले: सर्व्हरचा बदल, एक लायब्ररी अपडेट आणि माझाच नवा कोड. लॉग जुळवले, वेळा जुळवल्या, माझा कोड सगळ्यात चांगला जुळला. मी प्रामाणिकपणे मेल टाकला, "कारण सापडलं." कोड मागे घेतला. क्रॅश कमी झाले. सोमवारी पुन्हा तेवढेच! कमी झाले होते कारण मध्ये शनिवार-रविवार होता, लोक ॲप कमी वापरत होते. खरं कारण काही फोनमध्ये त्याच आठवड्यात आलेलं कीबोर्डचं अपडेट होतं, पासवर्ड आपोआप भरताना आमचं ॲप कोसळत होतं. कीबोर्ड माझ्या यादीतच नव्हता. यादीतल्या तिघांपैकी सर्वांत चांगला जुळणारा मी शोधला, पण गुन्हेगार यादीबाहेर होता.

मग काय झालं

एक गोष्ट मधुसूदन यांच्या टीमच्या बाजूने आधीच सांगायला हवी. त्यांनी "जीवसृष्टी सापडली" असं म्हटलं नव्हतं. शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात आणि त्यासाठी जेम्स वेबचा आणखी १६ ते २४ तास वेळ लागेल, हे त्यांनीच सांगितलं होतं. त्यांचं वाक्य आणि माझा स्क्रीनशॉट यांच्यामध्ये कुठेतरी "संकेत" हा शब्द अंग चोरत गेला आणि शेवटी माझ्या मेसेजमध्ये पूर्ण गायब झाला.

आठवड्याभरातच ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी सगळ्यात साधी टेस्ट लावली: वायू कुठला ते राहू द्या, मिरीच्या या ग्राफमध्ये उंचवटे आहेत हे तरी सिद्ध होतं का? त्यांचं उत्तर: सपाट रेष पण या डेटात बसते. त्यानंतर लुइस वेलबँक्स यांच्या टीमने यादीचा प्रश्न काढला. हे वेलबँक्स मधुसूदन यांचेच जुने विद्यार्थी, म्हणजे घरचेच टीकाकार. मूळ विश्लेषणात सुमारे वीस रेणू तपासले होते, यांनी जवळपास नव्वद घेतले. प्रोपाइनसारखे जीवसृष्टीशी संबंध नसलेले वायूही तितकेच बरे बसले, काही तर जास्तच. कीबोर्ड यादीत आला!

मधुसूदन यांच्या टीमने यावर साडेसहाशे रेणूंची यादी करून उत्तर दिलं. त्यातही डायमिथाइल सल्फाइड वरच्या मोजक्या नावांत राहिलं, पण आता त्याच्या सोबतीला दुसरी नावंही होती. मला ही सगळी देवाणघेवाण मूळ बातमीपेक्षा जास्त रंगतदार वाटली. कोणी कोणाला खोटं पाडत नव्हतं. सगळे त्याच खुल्या डेटावर आपापला कोड चालवून "माझ्याकडे असं येतंय" म्हणत होते. आमच्या ऑफिसातल्या कोड रिव्ह्यूपेक्षा बरंच सभ्य.

जुलै २०२५ मध्ये रेन्यू हू यांच्या टीमचा पेपर आला. त्यात जेम्स वेबची आणखी अधिक्रमणं होती. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आणखी पक्के झाले आणि ग्रहाच्या पोटात भरपूर पाणी असावं असा निष्कर्ष निघाला. डायमिथाइल सल्फाइडचा मात्र भरवशाचा पुरावा मिळाला नाही. नॉईजचं एक लक्षण असं की डेटा वाढला की तो मावळत जातो, आणि खऱ्या सिग्नलचं लक्षण असं की तो डेटा वाढला की ठळक होतो. मिथेनचं दुसरं झालं. डायमिथाइल सल्फाइडचं आजवर तरी तसं झालेलं नाही.

समजा उद्या झालंच, तरी जीवसृष्टीपर्यंत अजून एक उडी राहते. हाच वायू ६७पी या धूमकेतूवर रोझेटा यानाच्या डेटात सापडलाय, आणि धूमकेतूवर प्लवक नसतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये प्रयोगशाळेत वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकून तो जिवंत पेशीशिवायही तयार झालाय. आणि खाली समुद्रच आहे हेही सगळ्यांना मान्य नाही. काही शास्त्रज्ञांच्या हिशोबात त्या जागी वितळलेल्या खडकाचा समुद्र बसतो, काहींच्या मते हा नेपच्यूनचाच लहान भाऊ आहे, जाड वातावरणाचा आणि पाय ठेवायला जमीन नसलेला. एकाच ग्राफवरून थंडगार समुद्र आणि लाव्हा, दोन्ही! पन्नास-शंभर रुपयांच्या हिशोबावरून याहून जास्त कोणी काय सांगणार?

मे महिन्यात अलिबागला गेलो तेव्हा रात्री गच्चीवर सईला हे सगळं सांगितलं. सिंह रास तेव्हा पश्चिमेकडे कललेली असते. तिच्या शेपटाकडचा ठळक तारा म्हणजे उत्तरा फाल्गुनी. हात लांब करून मूठ धरली की जेवढं आकाश झाकलं जातं, त्याहून थोडं कमी अंतर त्याच्या दक्षिणेला गेलं की के२-१८ ची जागा येते. तारा इतका मंद आहे की नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसत नाही. सई बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग म्हणाली, "पण दादा, तुझा तो ग्रुपवरचा मेसेज अजून तसाच आहे."

डिलीट करायची वेळ तर टळून गेली होती. मग तिथेच बसून त्याच मेसेजला रिप्लाय करून लिहिलं की तो ३ सिग्माचा संकेत होता, सपाट रेषेच्या तुलनेत. या वेळी एकच अंगठा आला, तोही शेजारी बसलेल्या सईचा.